इकडं सगळं खुशाल

२६ एप्रिल

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. औषध कंपनीच्या माणसानं दिली होती, तशीच कोरी पडून राहिली. त्यामुळे छापलेले वार चुकीचे. आज खरा सोमवार आहे आणि पानावर रविवार. चला, कागदावर तरी मला सुट्टी मिळाली.

लिहायचं कारण वल्लरी मॅडम. त्या सांगलीच्या, समुपदेशक आहेत. साताऱ्यातल्या आमच्या कोविड वॉर्डातल्या नर्सना दर आठवड्याला त्यांचा फोन येतो. झोप कशी आहे, भूक कशी आहे, एक ते दहामध्ये मन कितीवर आहे? मी म्हटलं, आठ. दहा म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं आणि पाच म्हटलं असतं तर पुढचे प्रश्न सुरू झाले असते. माझी रूम पार्टनर विनोदिनी वाईची आहे, बोलायला फटकळ. तिनंही आठच सांगितलं. मॅडमना बिचाऱ्यांना वाटत असेल, काय आनंदी नर्सा आहेत या.

त्या म्हणाल्या, रोज चार ओळी लिहीत जा, कुणाला दाखवू नका. मी बरं म्हटलं. मला काही झालेलं नाही, पण कुणी एवढ्या गोडीनं सांगितलं की मला नाही म्हणता येत नाही.

२९ एप्रिल

कोविड किट घातल्यावर आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो. म्हणून एकमेकींच्या पाठीवर मार्करनं नाव लिहितो. कोरेगावकडच्या बनुबाई म्हणून एक आजी आहेत, खिडकीजवळच्या बेडवर. त्या म्हणाल्या, "नाव पाठीवर लिवलंय व्हय? मी काय तुमच्या पाठी बघू? म्होरं लिवा की!"

मी छातीवर मोठ्या अक्षरात 'दीपमाला' लिहून गेले. आजींनी ऑक्सिजनच्या मास्कमधून बघितलं आणि म्हणाल्या, "लय झ्याक. पर मला कुठं वाचाय येतंय!"

मग दुसऱ्या दिवशी छातीवर दिवा काढला. पणती आणि वर ज्योत. आता लांबूनच हाक येते, "ये गं दिव्याची!" विनोदिनी म्हणते, तुझं बारसं झालं परत.

आजींचा श्वास मात्र मला आवडत नाही. मी येता-जाता मोजते.

३ मे

आज घरी फोन केला. दुसरी लाट आल्यापासून मी हॉस्टेलवरच राहते. घर औंधच्या अलीकडच्या वाडीत. घरी सासरे, सासूबाई आणि माझी मुलगी नंदू. सासऱ्यांना मी अण्णा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. माझे मिस्टर जयराज फौजेत आहेत, सध्या पार वर उत्तरेला. अण्णा स्वतः सुभेदार होऊन रिटायर झाले.

आमच्या घरात एक रीत आहे. ड्युटीवर गेलेल्या माणसाला फक्त खुशाली कळवायची. पाऊस पडला, म्हैस व्याली, पोरगी पास झाली, हे सांगायचं. बाकीचं सुट्टीवर आल्यावर. अण्णा सरहद्दीवर असताना त्यांची आई वारली, तेव्हा घरच्यांनी कळवलं नाही. दोन महिन्यांनी सुट्टीवर आले तेव्हा अंगणात पाय ठेवल्यावर कळलं. ही गोष्ट अण्णा दर पंधरा ऑगस्टला छाती काढून सांगतात. "म्हणून माझ्या हातनं ड्युटी नीट झाली. घर असं असावं."

मी निघाले त्या दिवशी आत्यांनी माझ्या हातावर दही घातलं. तसं त्या जयराजना घालतात. टेम्पो वळेपर्यंत डोळ्यात पाणी येऊ दिलं नाही, तेही तसंच. आणि अण्णांनी मला सॅल्यूट ठोकला. सोळा वर्षं नर्सिंग केलं, पण असं कुणी केलं नव्हतं. मला एवढं भरून आलं की मी धड निरोपही घेतला नाही.

तर आज अण्णांनी विचारलं, "कसं हाय तिकडं?" मी म्हटलं, सगळं ठीक. "इकडं बी सगळं खुशाल." आत्यांनी मधेच फोन घेऊन विचारलं, "जेवलीस का?" मी हो म्हटलं. जेवले नव्हते, पण आता ते काय सांगायचं.

७ मे

बनुबाई गेल्या. सकाळी.

आज मेसमध्ये भरलं वांगं होतं. शेंगदाण्याचा कूट चांगला जाड होता आणि तेलही सढळ हातानं. दोन भाकरी वाढून घेतल्या. नंतर विनोदिनी म्हणाली, अगं, तू काहीच खाल्लं नाहीस. ताटात बघितलं तर खरंच सगळं तसंच होतं. गप्पांच्या नादात राहिलं असेल.

खोलीवर येऊन अंघोळ केली. मग पुन्हा एकदा केली. उकाडा फार आहे.

९ मे

दूध डेअरीच्या टेम्पोतून घरचा डबा आला. दर दोन-तीन दिवसांनी येतो. आत्यांची शेंगदाण्याची चटणी म्हणजे उखळात कुटलेली, तेल सुटलेली. आजची मिक्सरमधून काढलेली भुकटी होती आणि मीठ जरा जास्तच. भाकऱ्याही कडेला जाड. मला हसू आलं. आत्यांचाही हात चुकतो तर!

फडक्याची गाठ तर अशी करकचून मारलेली की विनोदिनीला कात्री आणावी लागली. फौजेत बिस्तरा बांधतात तशी. अण्णांना कामाला लावलेलं दिसतंय.

फोन केला. आत्या कुठायत विचारलं, तर अण्णा म्हणाले, "यमाईला गेलीया दर्शनाला." म्हटलं, बरं. देवीला माझंही सांगा.

मिक्सर म्हटल्यावर आठवलं. मेसमधला मिक्सर चालू झाला की मला मॉनिटर वाजल्यासारखं वाटतं. आज उठून उभी राहिले होते. सगळ्या हसल्या, मीही हसले.

१२ मे

आज जागतिक परिचारिका दिन. कुणीतरी गुलाब वाटले. किटमध्ये गुलाब कुठे लावायचा? मी छातीवर दिव्याशेजारी मार्करनं फूल काढलं. दिवा मी अजून रोज काढते. सवय झालीय.

दुपारी घरी फोन. अण्णा म्हणाले, "झोपलीया." आत्या आणि दुपारी झोपल्या! मी लग्न होऊन आले त्याला बारा वर्षं झाली, त्यांना दुपारी आडवं झालेलं कधी बघितलं नाही. विचारलं, बरं नाही का? अण्णा म्हणाले, "तिला काय हुतंय? ऊन लय हाय, म्हून." आवाज खणखणीत होता. इकडं सगळं खुशाल, असंही म्हणाले.

१४ मे

अक्षय्य तृतीया. डबा आला नाही. आता मला कळलं. आत्या रुसल्या आहेत.

मागच्या महिन्यात त्या म्हणाल्या होत्या, आखितीला एक दिवस तरी ये, आमरस करते. मी म्हटलं, आत्या, इथे माणसं जातायत आणि तुम्हाला आमरसाचं सुचतंय? फार तोडून बोलले. त्या तेव्हा काही म्हणाल्या नाहीत. पण मनाला लावून घेतलं असणार, म्हणून फोनवर येत नाहीत. कधी देवळात, कधी रानात, कधी झोपलेल्या. इतकं कळत नाही का मला? त्यांची चूक नाही, माझी जीभच तिखट. भेटल्यावर पाया पडेन आणि मोकळी होईन.

नंदूशी व्हिडिओ कॉल केला. एकच वेणी, तीही दोरखंडासारखी घट्ट, कपाळ ताणलेलं. म्हटलं, आजीनं आज दोन वेण्या नाही घातल्या? नंदूनं अण्णांकडे बघितलं. मग ताठ उभी राहून म्हणाली, "आई, इकडं सगळं खुशाल हाय." कवायतीत नंबर सांगतात तसं. मी खूप हसले. सुभेदाराची नात शोभते.

बोलताना मी तिचे श्वास मोजत होते, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. विनोदिनीचेही मोजते. गेटवरच्या कुत्र्याचेही. चाळाच लागलाय हाताला... म्हणजे डोळ्यांना.

जयराजचा फोन आला होता. त्यांनी विचारलं, कशी आहेस? म्हटलं, ठीक. तुम्ही? तेही ठीक. आमच्या घरात तिघं तीन ठिकाणी आणि तिघंही ठीक.

१७ मे

खिडकीजवळच्या बेडवर आता तानाजी म्हणून एक गृहस्थ आहेत. गुऱ्हाळ आहे त्यांचं. माझ्या छातीवरचा दिवा बघून म्हणाले, "सिस्टर, तुमी कुठल्या पक्षाच्या? मत मागाय आला का काय?" सगळा वॉर्ड हसला. आजारी माणसांना असं हसताना ऐकलं की बरं वाटतं.

पण आज एक गंमत झाली. त्यांचा मास्क नीट करताना मी म्हटलं, आजी, जरा मान वर करा. ते म्हणाले, "सिस्टर, मी तानाजी." मी सॉरी म्हटलं आणि पुन्हा म्हटलं, बनुबाई, मान वर.  तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघत मान वर केली.

थकवा असेल. वल्लरी मॅडमना आठच सांगितलं. त्यांनी विचारलं, मागच्या वेळीही आठ, त्याच्या मागच्या वेळीही आठ. काहीच बदलत नाही का? म्हटलं, मॅडम, मी सुभेदारांच्या घरची सून आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच विचारतेय. मला थोडा रागच आला.

२० मे

आजचं अक्षर बघू नये.

रक्त पातळ राहायचं इंजेक्शन पोटात देतात, दिवसातून ठरलेल्या वेळी. तानाजींचं इंजेक्शन भरलं, त्यांच्याजवळ गेले. सुई हातात धरून उभी राहिले आणि मला आठवेना की हे मी आधी दिलंय की नाही. चार्टवर सही नव्हती. सही नाही म्हणजे दिलेलं नाही, असंच आपण धरतो. मी सदरा वर केला. ते म्हणाले, "सिस्टर, मगाशीच दिलं की तुमी. परत?"

मी दिलं होतं, सही करायची राहिली होती. आणि ते झोपेत असते तर मी पुन्हा दिलं असतं. त्यांना रक्तस्राव झाला असता. माझ्या हातून. मी, दीपमाला, जिच्या सोळा वर्षांत एक डोस चुकला नाही.

सिरिंज टाकून दिली. विनोदिनीला हाक मारली. तिनं मला हाताला धरून बाहेर नेलं, किट उतरवलं आणि पायऱ्यांवर बसवलं. मी म्हटलं, कुणाला सांगू नकोस. ती म्हणाली, "मी नाही सांगणार. तू सांगणार आहेस. आणि ऐक, माझं मनही आठवर नाहीय. महिना झाला. मी रोज बाथरूममध्ये नळ सोडून रडते. तुला काय वाटलं, मला एवढं पाणी लागतं?"

मला वाटलं होतं, ती वाईची, नदीच्या घाटावर वाढलेली, म्हणून तिला पाण्याची हौस.

इन्चार्ज सिस्टरना जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चूक होण्याआधी येऊन सांगणारी तू पहिली. माणसं कमी आहेत तरी त्यांनी आठवड्याची रजा लिहून दिली. मला बरं वाटायला हवं होतं. पण पलटण सोडून पळाल्यासारखं वाटतंय. अण्णांना काय तोंड दाखवू? त्यांनी मला सॅल्यूट केला होता.

२१ मे

सकाळी मी स्वतःहून वल्लरी मॅडमना फोन केला. त्यांनी काही विचारायच्या आधीच म्हटलं, तीन.

त्या म्हणाल्या, थँक्यू दीपमालाताई. मग आम्ही पुष्कळ बोललो. बनुबाईंचं सांगितलं, दिव्याचं सांगितलं, मोजण्याचं सांगितलं. बनुबाई गेल्या तेव्हा शेवटचा श्वास मी मोजला होता. पुढचा येईल म्हणून मी थांबले होते. तशीच बराच वेळ थांबले होते. हे मी इथेही लिहिलं नव्हतं. वांग्याचं लिहिलं होतं.

मॅडमनी झोपेसाठी एका डॉक्टरांचं नाव दिलं. मग विचारलं, घरी कुणाला माहीत आहे? म्हटलं, आमच्यात सांगत नाहीत. त्या म्हणाल्या, ड्युटीवरच्या माणसाला सांगत नाहीत, असं तुम्हीच म्हणालात. पण घरच्यांना काय झालंय? ते तर घरी आहेत.

मी फोन ठेवला. माझी कोविड टेस्ट निगेटिव्ह आल्याचा मेसेज तेवढ्यात आला, म्हणजे घरी जायला हरकत नव्हती. पण आधी फोन करणं भाग होतं. अण्णांनी उचलला. "बोल पोरी. इकडं सगळं..."

मी म्हटलं, "अण्णा, मी ठीक नाही."

 वाटलं, आता फोन ठेवतील, नाहीतर ड्युटीवर भाषण देतील. मी भराभरा सांगत सुटले. इंजेक्शन, झोप, रजा, सगळं. रडत होते, लाजही वाटत नव्हती.  मग अण्णा म्हणाले, "राही औंधाला हाय. कोविड सेंटरात."

राही म्हणजे आत्या, हेही मला आधी कळलं नाही.

"पंधरा दिस झालं. ऑक्सिजन लावला हुता. काल काढला. आता धोका न्हाई म्हणलं डाक्टर. तुला कळवलं न्हाई. तिला फोन दिला तर ती रडंल, तिला खोटं बोलाय येत न्हाई. म्हून मीच बोलत हुतो."

देवळं तर एप्रिलपासून बंद आहेत. यमाईचंही बंदच. मी रोज पेपर वाचते, मला माहीत होतं. आणि मी अण्णांना म्हटलं होतं, देवीला माझंही सांगा. चटणी त्यांनी केली, भाकऱ्या त्यांनी थापल्या, नंदूची वेणी त्यांनी घातली. आणि मी, सोळा वर्षं नर्सिंग केलेली, आत्या रुसल्या असं धरून बसले होते.

मला राग आला. एवढा राग मला अण्णांचा कधी आला नव्हता. म्हटलं, "मी नर्स आहे अण्णा. लोकांच्या सासवा बघत होते मी. तुम्ही मला माझी सांगितली नाही."

ते म्हणाले, "व्हय. चुकलं." मग म्हणाले, "माझी आई गेली तवा मला कुणी कळवलं न्हाई. समदी म्हणली, शाबास, पोरानं ड्युटी केली. मला कसं वाटलं, ते आजपातूर कुणी इचारलं न्हाई. म्या बी कुणाला सांगितलं न्हाई. आईचं त्वांड बघाय मिळालं न्हाई मला. आन् तुला बी तेच कराय निघालो हुतो."

दर पंधरा ऑगस्टला मी ती गोष्ट ऐकली आहे. टाळ्यासुद्धा वाजवल्या आहेत.

"ये तू घरला," अण्णा म्हणाले. "राही बी उद्या यायचीया."

२३ मे

दुधाच्या टेम्पोतून घरी आले. आत्या माझ्या आधी येऊन ओसरीवरच्या खाटेवर बसल्या होत्या. निम्म्या झाल्यात. मी लांबच उभी राहिले, सवयीनं. त्यांनी हात पुढे केला तेव्हा गेले.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग अण्णांची भाकरी खा. पंधरा दिसात लय शिकल्यात. कडंला जाड हाय, पर पोट भरतंय." अण्णा आतून ऐकत होते. खरंच, मी दीड भाकरी खाल्ली. नंदू ताटाकडे बघत समोर बसली होती.

आमरसाचं मी बोलले ते आत्यांना आठवतही नव्हतं. "कवाचं?" म्हणाल्या. माझं पाया पडणं वाया गेलं.

संध्याकाळी अण्णांनी जयराजना फोन लावला. मी ऐकत होते. म्हणाले, "तुझ्या आईला कोविड झाला हुता. आता बरी हाय. दीपमालाला बी बरं न्हाई, रजेवर आलीया. तू कसा हायस? खरं सांग." तिकडून जयराज काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण अण्णा पुष्कळ वेळ नुसतं "व्हय... व्हय रं..." म्हणत होते. मधे एकदा त्यांनी गळ्यातल्या पंच्यानं डोळे पुसले.

२४ मे

दुपारी जेवणं झाल्यावर आत्या पडल्या. मी शेजारी चटई टाकून त्यांच्याकडे बघत बसले. छाती वर, खाली. वर, खाली. आकडा बरा होता, पण मला थांबता येईना. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

आत्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "काय जप लावलायस? व्हट हालत्यात तुझं."

म्हटलं, "आत्या, तुमचा श्वास मोजतेय."

"बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर आहे."

"मग आता मी तुझं मोजते. पड हितं."

मी पडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जिथे आम्ही नाव लिहितो तिथे. त्या मोजत होत्या की नाही कुणास ठाऊक, त्यांना विसाच्या पुढे मोजता येत नाही.

२५ मे

कालचं पुढचं मला नंदूनं सांगितलं. वल्लरी मॅडमचा फोन आला होता. माझा फोन ओसरीवर होता, अण्णांनी उचलला. मॅडमनी विचारलं, दीपमालाताई आहेत का, बोलता येईल का?

नंदू सांगते, अण्णांनी आत डोकावून बघितलं. मग अंगणात गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "झोपलीया." आणि थोड्या वेळानं, "न्हाई ओ मॅडम, खरंच झोपलीया."